परदेशातल्या लष्करी तळावर राहताना देव, सण आणि आपली माणसं

शेंगाचटणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी मूळची सोलापूरची, माहेर बाळीवेशीत. लग्नानंतर आधी न्यू जर्सी, मग व्हर्जिनिया आणि आता जपानमधलं योकोसुका. नवरा अमेरिकी नौदलात आहे. ग्रीन कार्डावर भरती झाला, नागरिकत्व नंतर मिळालं. हे आधीच सांगून टाकते, कारण कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न हाच असतो.

योकोसुका टोकियोच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. अमेरिकेच्या सातव्या आरमाराचं मुख्यालय इथे आहे. गेटच्या आत डॉलर, बेसबॉल आणि पिझ्झा. गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की येन, रामेनची दुकानं आणि कुणाला मोठ्याने बोलायचीही चोरी. आम्ही आतल्या उंच इमारतीत राहतो. जहाज बंदरात असेल तेव्हा नवरा घरी, नाहीतर महिनोन्‌महिने समुद्रावर. नेमका कुठे आहे, कधी येणार, हे त्याने सांगायचं नसतं आणि आपण विचारायचं नसतं.

आता मुद्द्यावर येते. मी लिंगायत घरातली. इष्टलिंग गळ्यात आहे, त्यामुळे पूजेला देऊळ लागतंच असं नाही. सकाळी आंघोळ करून तळहातावर लिंग घेऊन बसलं की झालं. आजी म्हणायची, आपला देव आपल्या अंगावर, त्याला तिकीट लागत नाही. तेव्हा माझी अडचण देवाची नाही. माझी अडचण पूजा आटोपल्यावर सुरू होते. प्रसाद द्यायचा कुणाला?

यंदा भोगीला गड्ड्याचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा, अक्षता सोहळा मोबाईलवर पाहिला. आम्ही साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिकडे भर दुपार आणि इकडे अंधार पडत आलेला. संमती कट्ट्यावर ‘सत्यम् सत्यम्, नित्यम् नित्यम्’ सुरू झालं, पांढऱ्या बाराबंदीतली ती गर्दी दिसली आणि मी ओट्यापाशी उभी राहून अक्षता टाकल्या. माझ्या लेकाला वाटलं काहीतरी खेळ आहे. तो जमिनीवरचे तांदूळ वेचून परत टाकत बसला. दुसऱ्या दिवशी तीळगूळ केला. डबा भरून झाल्यावर लक्षात आलं की या मजल्यावर मी एकाही घराची बेल सहज वाजवू शकत नाही.

टोकियोत आपली माणसं भरपूर आहेत. निशी-कासाई भागात तर भारतीय किराणा, शाळा, गणपती, सगळं आहे. २०१९ मध्ये तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर पुराणिक योगेंद्र हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण केइक्यू लाईनने निघायचं, निहोंबाशीला गाडी बदलायची, जायला दीड तास, यायला दीड तास, कडेवर पोर. शिवाय ती सगळी आयटीतली मंडळी. ‘नवरा कुठे असतो?’ ‘जहाजावर.’ यापुढे बोलणं सरकत नाही. वाईट कुणीच वागलं नाही, पण परत बोलावणंही आलं नाही.

तर विचारायचं असं, की कुठल्याही देशाच्या सैन्यासोबत, परदेशात, तळावर राहिलेलं इथे कुणी आहे का? सणवार कसे केलेत? माणसं कशी जमवलीत?

जुनासोलापूरकर

लई भारी लिहिलंयस गं बाई. ‘प्रसाद द्यायचा कुणाला’ वाचून घशात आवंढा आला. आमच्याकडं उलटं आहे, गड्ड्याला घरात इतके पाव्हणे येतात की प्रसाद पुरत न्हाई.

यंदा नंदीध्वजासोबत हिरेहब्बूंच्या वाड्यापासून चाललो. गुडघे बोलायला लागले, पण ‘बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हटलं की पाय आपोआप पुढं पडतात. तुझ्या नावानं पण एक आरोळी दिली असं समज.

एक शंका. तुमच्या त्या बेसवर पाव्हण्याला आत सोडतात का? का गेटवरच ‘कोण रे तू’ म्हणून उभं करतात?

शेंगाचटणी

काका, हसले. पाव्हण्याला सोडतात, पण आपण स्वतः गेटवर जाऊन, त्याचा पासपोर्ट दाखवून, सही करून आत आणायचं आणि सोडायलाही गेटपर्यंत जायचं. कुणी सहज येता-जाता डोकावेल, ही गोष्टच इथे नाही.

कैझरवाली

जर्मनीहून लिहितेय. आम्ही कैझरस्लाउटर्नला होतो, रामश्टाईन विमानतळाच्या शेजारी. नवरा अमेरिकी लष्करात. त्या भागात अमेरिकी सैनिक, कुटुंबं आणि नागरी कर्मचारी धरून पन्नास हजारांच्या आसपास लोक आहेत. अमेरिकेबाहेरची अमेरिकनांची सगळ्यात मोठी वस्ती म्हणतात तिला. त्यांना ‘कैझरस्लाउटर्न’ म्हणता येत नाही म्हणून त्यांनी गावाचं ‘के-टाऊन’ करून टाकलंय.

तुला कामाची गोष्ट सांगते. चॅप्लेनच्या, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूच्या, ऑफिसात गेलीस का? बहुतेक आपल्या बायका जात नाहीत, कारण चॅप्लेन म्हणजे पाद्री, आपला काय संबंध असं वाटतं. मलाही वाटायचं. पण त्यांच्या कामाची चौकट वेगळी आहे. स्वतःच्या धर्माच्या लोकांसाठी प्रार्थना तो स्वतः चालवतो. इतर धर्माच्या लोकांना त्यांचं त्यांना करता यावं म्हणून जागा, वेळ, परवानगी मिळवून देतो. आणि मन मोकळं करायला येणाऱ्या प्रत्येकाचं ऐकतो, धर्म न विचारता. त्याच्यापाशी बोललेलं बाहेर जात नाही, अगदी नवऱ्याच्या वरिष्ठांनी विचारलं तरी नाही. तैनातीच्या काळात याचा किती आधार होतो ते ज्याला लागतं त्यालाच कळतं.

आणि दुसरं म्हणजे ‘ले लीडर’. तळावर एखाद्या धर्माचा चॅप्लेन नसेल तर त्या धर्माच्या एखाद्या सामान्य माणसाला कमांडच्या लेखी नेमणुकीने उपासना चालवता येते. अमेरिकी सैन्यात पहिली हिंदू चॅप्लेन नेमली गेली तीच २०११ मध्ये, प्रतिमा धर्म. त्याआधी त्यांनी इराकमध्ये ख्रिस्ती चॅप्लेन म्हणून काम केलं होतं. तेव्हा हिंदू चॅप्लेन तुमच्या तळावर असेल ही आशा सोड आणि खोली माग. खोली मिळते.

देवळाचं म्हणशील तर आम्ही जर्मनीतल्याच हाम शहरात जायचो. तिथे श्रीलंकन तमिळ लोकांनी बांधलेलं कामाक्षी अम्मनचं मोठं देऊळ आहे, २००२ मध्ये झालं. बाहेर कारखाने, ट्रक, आणि मध्येच गोपुर. युद्धामुळे देश सोडून आलेल्या लोकांनी ते उभं केलं. आम्ही मराठी, ते तमिळ, भाषा एकमेकांना कळत नाही. पण त्या बाईने केळीच्या पानावर भात वाढला आणि ‘आणखी घे’ असं हातानेच सांगितलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

टोकदार

विषय भावनिक आहे, पण स्पष्ट विचारतो. दुसऱ्या देशाच्या सैन्यात जायचं, त्यांचा पगार घ्यायचा, त्यांच्या युद्धांत भाग घ्यायचा आणि मग ‘आपली माणसं’ आठवायची, हे पटत नाही. आपल्या सैन्यात जागा नव्हती का?

शेंगाचटणी

जागा होती की नाही ते नवऱ्याला विचारा, तो जहाजावर आहे. मला तीळगूळ द्यायला शेजारीण हवी होती.

संपादक

कोणी कुठल्या सैन्यात जावं, हा या धाग्याचा विषय नाही. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

माजी_फौजी

सिग्नल्समधून निवृत्त. गाव बार्शी, सध्या मुक्काम जुळे सोलापूर.

टोकदार, आपल्या सैन्यातूनही परदेशात जावं लागतं बरं का. मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोला होतो, गोमाला. आपली ब्रिगेड होती तिथं. वर नीरागोंगो ज्वालामुखी, रात्री आभाळ लाल दिसायचं. २००२ च्या उद्रेकात लाव्हा थेट शहरातून वाहत गेला होता, त्यामुळं जिकडं तिकडं काळा दगड. तंबू ठोकायला खुंटी आत जात नव्हती. तिथले लोक त्याच दगडाची कुंपणं रचतात.

आपल्या सैन्यात ही व्यवस्था पक्की आहे. पलटणीसोबत धर्मगुरू असतो. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, जशी पलटण तसा. हुद्दा जेसीओचा, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा. त्यांचं प्रशिक्षण पुण्यात राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होतं आणि तिथं एकमेकांचे धर्मही शिकवतात. छावणी कुठंही पडू दे, एका छपराखाली ‘सर्व धर्म स्थळ’ तयार होतं. आमच्याकडं गोमात पत्र्याच्या शेडमध्ये गणपती, गुरू ग्रंथसाहेब, मक्केचं चित्र आणि येशू एका ओळीत होते. मंदिर परेड म्हटली की सगळे हजर. तिथं नास्तिकाला पण सुटी नसते, कारण ती परेड असते. (एक जण होता, शहीद भगतसिंगांना मानणारा. डोळे मिटून उभा राहायचा आणि नंतर प्रसादाचा शिरा दोनदा घ्यायचा.)

गणपतीत आम्ही शाडूऐवजी तिथल्याच मातीची मूर्ती केली. किवू तलावात विसर्जन केलं. त्या तलावाच्या तळाशी मिथेन वायू साठलाय, पाण्याजवळ जपून राहा असं आम्हाला आधीच बजावलं होतं. एक हवालदार म्हणाला, बाप्पा, बघून उतरा.

पण ताई, आमच्यात आणि तुमच्यात फरक आहे. आम्ही पलटणीसकट गेलो होतो. गाव उचलून नेल्यासारखंच ते. स्वयंपाकी आपला, शिव्या आपल्या, भजन आपलं. तुम्ही एकट्या गेलात.

साखरपेठ

माजी_फौजी यांच्या शेवटच्या दोन ओळींवर बोलतो. मी पद्मशाली. आमचे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. तेही गाव उचलून आणल्यासारखेच आले. पूर्व भागात आजही दुकानावर तेलुगू पाटी, घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि भांडायला कानडी. मार्कंडेयाचं मंदिर त्यांनी इथे बांधलं आणि नारळी पौर्णिमेला रथ काढला. तो रथ आज सगळ्या सोलापूरचा झालाय.

मला वाटतं, यात आधी देऊळ आणि मग माणसं असा क्रम नसतो. आधी दहा माग एका गल्लीत लागले, कुणाच्या तरी घरी आजारपण आलं, कुणाचं बाळंतपण झालं, एकमेकांच्या घरी भांडी गेली-आली, आणि मग कुणीतरी म्हणालं की आता आपला देवही इथेच बसवू. पण त्यांना एक सोय होती, ती म्हणजे ते परत जाणार नव्हते. शेंगाचटणी, तुमच्या तळावर माणूस किती वर्षं राहतो?

शेंगाचटणी

बरोबर नस धरलीत. दोन ते तीन वर्षं. मग ‘पीसीएस’, म्हणजे बदली. उन्हाळा हा बदल्यांचा हंगाम. जून-जुलैमध्ये इमारतीसमोर रोज कुणाचं ना कुणाचं सामान खोक्यांत भरलेलं दिसतं. त्यामुळे इथल्या जुन्या बायका नव्या बाईशी जपूनच मैत्री करतात. जीव लावायचा आणि ती जायची. मी नवीन होते तेव्हा मला हे तुटकपण वाटायचं.

चौथाहुतात्मा

सोलापूरचा माणूस, परदेश आणि सैन्याचा तळ, या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि अजून डॉ. कोटणीसांचं नाव कुणी काढलं नाही? कमाल आहे.

द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, १९१०. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेसोबत उत्तर चीनच्या डोंगराळ भागात राहिले. तो तर तळही नव्हता. आज या खेड्यात दवाखाना, उद्या जपानी सैन्य आलं की पाठीवर मारून पुढच्या खेड्यात. तिथे त्यांना सोलापूरचं कुणीही नव्हतं. ते चिनी बोलायला शिकले, तिथल्याच क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, गेले. त्यांच्या सोलापूरच्या राहत्या घरात आता स्मारक आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जाऊन या. गावातले लोकच कमी जातात, चिनी पाहुणे जास्त येतात.

ताई, तुम्ही आपली माणसं शोधताय. कोटणीसांनी शोधली नाहीत, तिथे होती तीच आपली केली. मला वाटतं तोच मार्ग आहे.

कैझरवाली

चौथाहुतात्मा, उदाहरण मोठं आहे, पण जरा अन्यायकारक. कोटणीसांच्या हाताला दिवसरात्र काम होतं. तळावरच्या बायकोच्या हाताला काय असतं? तिची डिग्री तिथे चालत नाही, नोकरी मिळेपर्यंत बदली होते आणि ओळखपत्रावर ‘डिपेंडंट’ असं छापलेलं असतं. ज्याला काम असतं त्याला माणसं आपोआप भेटतात. रिकाम्या हाताने ती शोधायला जावी लागतात.

इतिहासवेडा

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होता, आणि तेव्हा तो पोटाशी येऊन भिडला होता.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढलं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. म्हणजे सातारा-रत्नागिरीकडची, आपल्याच घाटावर-कोकणातली पोरं. धान्य संपलं, तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी खाल्लं. बहुतेक हिंदी शिपायांनी नकार दिला. वायरलेसवरून हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांची परवानगी मागवली गेली, ती आलीही, तरी पुष्कळांनी महिनोन्‌महिने तोंडाला लावलं नाही. घरी कळलं तर पंक्तीला कोण घेईल, मुलीशी लग्न कोण करील, ही भीती होती. म्हणजे बघा, समाज हजारो मैल दूर होता आणि तरी पानात डोकावत होता. शेंगाचटणी यांचा प्रश्न मला याच्या बरोबर उलटा वाटतो. त्यांच्या पानात डोकावणारं कुणीच नाही.

दुसरं टोक म्हणजे इंग्लंडमधलं ब्रायटन. १९१४ च्या शेवटी तिथला राजवाडा हिंदी जखमींसाठी रुग्णालय केला. वेगवेगळ्या धर्म-जातींसाठी नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे. जे हिंदू आणि शीख तिथे मरण पावले त्यातल्या त्रेपन्न जणांचं दहन गावाबाहेरच्या टेकड्यांवर झालं. तिथे संगमरवरी छत्री आहे, १९२१ मध्ये उभारलेली. सरकारने हे प्रेमापोटी केलं असं कुणी समजू नये. १८५७ च्या काडतुसांचा धडा ते विसरले नव्हते. पण केलं खरं.

विजापूरवेस

अस्सलाम आलेकुम आणि नमस्कार. सगळे इथे सैनिकांचं बोलताहेत, मी भांडी घासणाऱ्यांचं बोलतो.

मी कुवेतमध्ये कॅम्प अरिफजानला होतो, अमेरिकी तळ आहे तो. तिथल्या मोठ्या भोजनगृहात, त्याला ‘डीफॅक’ म्हणतात, ठेकेदार कंपनीकडून कामाला. तळावर अमेरिकी सैनिक जितके दिसतात त्यांच्या मागे आमच्यासारखे हिंदुस्थानी, नेपाळी, बांगलादेशी, फिलिपिनो लोक असतात. लाँड्री, स्वयंपाक, साफसफाई, सगळं आमच्याकडे. कंपनीचं नाव घेत नाही, पण पासपोर्ट त्यांच्या कपाटात असायचा आणि पगार कधी महिन्याचा महिन्याला, कधी दोन महिन्यांनी.

आमच्यासाठी चॅप्लेन वगैरे काही नव्हतं. तो सैनिकांसाठी. आम्ही राहायचो बाहेरच्या कॅम्पात, एका खोलीत आठ जण. माझ्या खोलीत करीमनगरचे तिघं, केरळचा एक ख्रिश्चन, एक नेपाळी. रमजानमध्ये माझी ड्युटी गरम तव्यासमोर. उन्हाळ्यात तिकडे पन्नासच्या घरात पारा जातो, आणि आपण दिवसभर दुसऱ्यांना वाढायचं. संध्याकाळी खोलीवर पोचलो की करीमनगरवाल्यांनी फळं कापून ठेवलेली असायची. अजानची वेळ त्यांना माझ्यापेक्षा पाठ. एकाने तर माझ्यासोबत शुक्रवारचे रोजे धरले, का तर म्हणे एकटा उपाशी राहू नये माणूस. त्यांचा गणपती आमच्या खोलीत कपाटाच्या आत बसायचा. आरतीच्या वेळी दार उघडायचं, झाली की बंद. मी दाराबाहेर उभा राहून सुपरवायझर येतोय का बघायचो.

सोलापुरात रमजानमध्ये विजापूर वेशीचा मीना बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. तिथे मी इतक्या वर्षांत कुणा अनोळखी माणसासाठी फळ कापलं नाही. खरं ते सांगतो.

ताई, तुमच्या तळावर पण लाँड्रीत, कॅन्टीनमध्ये बघा. तिथे कुणीतरी असेल.

माजी_फौजी

विजापूरवेस, सलाम घ्या भाईजान. दाराबाहेर पहारा देणं हीपण ड्युटीच.

टोकदार

भाई, पोस्ट आवडली. माझा आधीचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण पोस्ट आवडली.

शेंगाचटणी

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात लिहायला जमलं नाही, कारण कैझरवालीचं ऐकून खरंच चॅप्लेनच्या ऑफिसात गेले होते. तिथून पुढे जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

इथे तळावर ‘चॅपल ऑफ होप’ नावाचं चर्च आहे. चॅप्लेन टेक्सासचा, बॅप्टिस्ट, भयंकर उंच. मी म्हटलं, आम्हाला महिन्यातून दोन शुक्रवारी संध्याकाळी एक खोली हवी. त्याने विचारलं, किती जण? मी म्हटलं, सध्या मी आणि माझा मुलगा. तो हसला नाही. वहीत ‘दोन’ लिहिलं आणि विचारलं, तुमच्या पूजेत आग असते का? कारण इमारतीत धुराचे अलार्म आहेत. तेव्हा ज्योत नाही, उदबत्ती नाही, बॅटरीवरचा दिवा चालेल असं ठरलं. (घरीही तेच. परवा शेंगांच्या चटणीसाठी लाल मिरची भाजली आणि अख्खा मजला खाली उतरला. त्या दिवशी सगळे शेजारी मला एकदम ओळखायला लागले.)

सूचनेचा कागद लावला. पहिल्या शुक्रवारी एक जण आली, तीही दारातूनच आत बघत. नौदलात इलेक्ट्रिशियन, न्यूयॉर्कची, मूळ गयानाची. तिचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर कामाला नेलेल्या गिरमिटियांपैकी. हिंदी अक्षरही येत नाही, पण हनुमान चालिसा तोंडपाठ, आणि अशा चालीत की मी ती चाल कधी ऐकलीच नव्हती. बोटांनी टेबलावर ढोलक वाजवत म्हणते. तिच्याकडे पूजा झाली की अंगणात बांबूवर लाल झंडी लावतात. इथे अंगण नाही म्हणून तिने खुर्चीच्या पाठीला पेन्सिल बांधली आणि त्यावर लाल रुमालाचा तुकडा. मी तिला इष्टलिंग दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, तू जहाजावर असायला हवी होतीस, तुझा देव रॅकमध्ये मावला असता. रॅक म्हणजे जहाजावरची झोपायची फळी, तिथे प्रत्येकाला तेवढीच जागा.

मग हळूहळू एक तमिळ दंतवैद्य, एका फिलिपिनो खलाशाची नेपाळी बायको, आणि कमिसरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, काम करणाऱ्या एक जपानी आजी. आजींना धर्माशी देणंघेणं नाही, त्यांना आपल्या भाज्या शिकायच्या आहेत. विजापूरवेस, तुमचं ऐकून मी दुकानात नुसतं सामान घेऊन निघायचं सोडलं, म्हणून त्या भेटल्या.

याच आजींनी मला आसाकुसाला नेलं. तिथे मात्सुचियामा शोदेन नावाचं मंदिर आहे. आतला देव कांगितेन, म्हणजे मूळचा आपला गणपतीच, बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे इथवर आलेला. त्याला नैवेद्य कशाचा? मुळ्याचा! लोक पांढरे जाडजूड मुळे घेऊन रांगेत उभे असतात, देवळातच विकत मिळतात. मूर्ती मात्र बघायला मिळत नाही, ती कायम बंद दाराआड. मी मोदकांच्या सवयीची बाई, हातात मुळा घेऊन बंद दारासमोर उभी. आमच्याकडे भोगीच्या भाजीत मुळा लागतोच, तेव्हा म्हटलं चालेल. आणि इकडे योकोसुकाजवळ एनोशिमा बेटावर बेंझाइतेन आहे, ती सरस्वती. इतके दिवस मी देव सोबत आणला म्हणून ऐटीत होते, तर हे दोघं माझ्याआधी हजार-बाराशे वर्षं येऊन बसलेले.

आणि योकोसुका हे जपानात ‘करीचं गाव’ म्हणून प्रसिद्ध आहे, हे सांगितलं तर सोलापुरात कुणी विश्वास ठेवणार नाही. जुन्या जपानी नौदलाच्या १९०८ च्या पाकपुस्तकातली करी, सोबत सॅलड आणि दुधाचा पेला. अजूनही त्यांचं नौदल शुक्रवारी करी खातं, समुद्रावर वाराचं भान राहावं म्हणून म्हणतात. त्यात मांस असतं, त्यामुळे मी खाल्ली नाही. पण आमचाही शुक्रवारच ठरल्यामुळे दंतवैद्य बाई म्हणाल्या, आपणही करू. आता चॅपलच्या मागच्या खोलीत शुक्रवारी कधी सांबार, कधी आमटी, कधी गयानाचा भोपळा आणि रोटी. चॅप्लेन येऊन एक वाटी घेऊन जातो. प्रार्थनेला बसत नाही, आम्हीही म्हणत नाही.

चौथाहुतात्मा, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. उरलेलं अर्धं उन्हाळ्यात बघू, गयानावालीची बदली आली आहे.

साखरपेठ

मग तिच्यानंतर चालिसा कोण म्हणणार?

शेंगाचटणी

नेपाळीणबाई शिकतेय. चाल मात्र नेपाळीच होणार असं दिसतंय.

जुनासोलापूरकर

पोरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं पार्सल पाठवतो. पत्ता दे. जपानला किती दिवस लागतात?

शेंगाचटणी

काका, आमचा पत्ता अमेरिकी लष्करी टपालाचा आहे. जपानात राहूनही पार्सल आधी अमेरिकेत जाणार आणि मग उलटं फिरून इकडे येणार. कडक भाकरी टिकेल, तीच तर तिची खासियत. चटणी डब्यात नको, पिशवीत सील करून आणि त्यावर टेप. यादीत ‘शेंगदाणा पावडर, मसाला’ असं स्वच्छ लिहा. बियाणं, मांस, ताजी फळं-भाजी काही घालू नका, अख्खं पार्सल अडकतं. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते, इथे लिहायची परवानगी नाही.

नवीनसभासद

धागा आजच वाचला. माझ्या भाचीचं लग्न ठरलंय, मुलगा अमेरिकी नौदलात, पोस्टिंग जपानमधल्या सासेबोला. घरी सगळे घाबरलेत, एकटी कशी राहील म्हणून. तिने तिथे गेल्यावर पहिलं काय करावं?

कैझरवाली

गाडी चालवायचा परवाना. बाकी सगळं नंतर. परवाना नसेल तर ती दर वेळी कुणाच्या तरी उपकारावर.

शेंगाचटणी

कैझरवालीला अनुमोदन. शिवाय भरतीवेळच्या फॉर्ममध्ये मुलाने धर्माच्या रकान्यात काय लिहिलंय ते विचारा. पुष्कळ पोरं ‘नो प्रेफरन्स’ टाकून मोकळी होतात, आणि मग तळावर आपले किती लोक आहेत हे चॅप्लेनच्या ऑफिसलाही कळत नाही. माझ्या नवऱ्याचं तेच होतं. नंतर बदलून घेता येतं. सासेबो आमच्यापासून लांब आहे, पार क्यूशू बेटावर, पण गयानावालीची बदली तिथेच झाली आहे. भाचीला तिचा नंबर देते. ढोलक तिच्याकडेच आहे.